आंबिया बहाराचा प्रदेश

दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या काटोलहून वरुड-मोर्शीकडे जाणारा रस्ता संत्र्यांच्या बागांमधून जातो. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया बहार तेव्हा तोडणीला येतो. खुडलेल्या फळाचा देठ हिरवा असतो, साल सैल असते आणि नखाने टोचताच तिच्यातले तेल बोटांना लागते. या भागात वाढलेल्यांच्या मनात दिवाळीचा वास या तेलाचाच असतो.

नागपुरात संत्रे आणण्याचे श्रेय नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांना दिले जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी औरंगाबादहून रोपे आणवली, असे सांगतात. सुरुवातीला ती परसबागेपुरतीच होती. पुढे विहिरीचे पाणी, काळी जमीन आणि रेल्वेची सोय यांमुळे बागायत पसरली. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम करतात. मग झाडाला पाण्याचा ताण देऊन हवा तो बहार धरायचा. हिवाळ्याच्या थंडीने आंबिया फुलतो, मृगाच्या पावसाने मृग बहार, आणि त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. ताण किती द्यायचा हे ओळखणे हे बागायतदाराचे खरे कौशल्य. त्याची दखल फार कमी घेतली जाते.

पण हे कौशल्य असूनही खोडातून डिंक गळवणाऱ्या डिंक्या रोगाने कित्येक बागा वाळल्या. विहिरी आटल्यावर बोअरवेल खोल गेल्या आणि वरुड-मोर्शीतील भूजल धोकादायक पातळीवर उतरले. तरीही 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.