‘चवदार’ शब्द कुणाचा?

वर्गातली मुलं डब्याबद्दल लिहितात तेव्हा भरीत ‘टेस्टी’ असतं आणि शेवभाजी ‘यम्मी’. त्यावर मोठ्यांचे दोन सल्ले येतात. काही म्हणतात, इंग्रजी काढा. काही म्हणतात, इंग्रजीबरोबर उर्दू-फारसीही काढा, शुद्ध मराठी लिहा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा दुसरा सल्ला मला जास्त बोचतो.

‘लज्जत’ मूळचा अरबी. ‘मसाला’ही अरबीतून आला. ‘मजा’ फारसी, आणि फारसीत त्याचा अर्थच मुळी चव. म्हणजे जळगावात कुणी ‘मजा आली’ म्हणतो, तेव्हा तो नकळत चवीचीच गोष्ट करत असतो. उर्दूतला ‘जायका’ आणि बहादूरशाह जफर यांचे उस्ताद ‘जौक’ यांचं टोपणनाव, दोन्ही ‘चाखणे’ या एकाच अरबी धातूतून आले.

खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकी सुलतानांचं राज्य होतं. त्यांची पहिली राजधानी आजच्या धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. नंतर मोगल आले. कारभार फारसीत चाले. त्यातला ‘फौजदार’ आजही आपल्या ताटात आहे : फौजदारी डाळ! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. स्वतंत्र राज्याची ती गरज होती. पण लोकांच्या जिभेवरचे शब्द राहिलेच.

इंग्रजीतही हेच घडलं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत ‘टेस्ट’, ‘डिलिशस’ असे शब्द फ्रेंचमधून तिथे रुजले. त्या ‘टेस्ट’ला इंग्रजांनी आपला प्रत्यय जोडला आणि ‘टेस्टी’ झालं.

मराठीनं आपल्या ‘चव’ला फारसी ‘दार’ जोडला : चवदार. पुढे ‘बे’ जोडला : बेचव. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याचं नावही चवदार तळं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या नावातला ‘दार’ काढून दाखवावा.

मुलांचा ‘टेस्टी’ मी खोडत नाही. मात्र भरीत खमंग, शेवभाजी झणझणीत, बिबडे कुरकुरीत आणि बिर्याणी लज्जतदार, हेही लिहून घेतो. बाहेरचा शब्द आल्यानं भाषा गरीब होत नाही. सगळ्या चवींना एकच शब्द उरला, की होते.