सायकलच्या आसनाची चाचणी

सायकलच्या आसनाची चाचणी म्हणजे नवे आसन (बोलीभाषेत सीट) स्वाराच्या शरीराला, त्याच्या बसण्याच्या ढबीला आणि त्याच्या नेहमीच्या रस्त्यांना मानवते की नाही, हे प्रत्यक्ष प्रवासातून ठरवण्याची पद्धत होय. दुकानात काही मिनिटे बसून किंवा सपाट रस्त्यावर थोडे अंतर कापून बनलेले मत कित्येक तासांच्या स्वारीनंतर बदलू शकते. चढउतारावर शरीराचा भार आसनावर वेगवेगळ्या रीतीने पडतो. म्हणून लांब पल्ल्याचा घाटरस्ता अशा चाचणीसाठी विशेष उपयुक्त ठरतो.

रचना

आसनाचा मागील भाग रुंद व पुढील टोक निमुळते असते. खालच्या बाजूस असलेल्या दोन समांतर दांड्या सीट पोस्टच्या पकडीत बोल्टने आवळल्या जातात. त्यामुळे आसन पुढेमागे सरकवता येते आणि त्याचा कलही बदलता येतो. योग्य आसनावर स्वाराचा भार मुख्यत्वे श्रोणीच्या खालच्या दोन हाडांवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर पडतो. या हाडांमधील अंतर व्यक्तीपरत्वे भिन्न असते. पन्हळी पुठ्ठ्यावर बसून उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजल्यास त्याचा अंदाज येतो. आसनाची रुंदी या मापापेक्षा थोडी अधिक असावी लागते.

अधिक मऊ आसन अधिक सुखकर असतेच असे नाही. फार मऊ गादीत हाडे रुतली की मधला भाग वर उचलला जातो आणि नाजूक अवयवांवर दाब वाढतो.

इतिहास

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय सुरू केला. १८८२ मध्ये त्यांनी सायकलच्या आसनाचे पेटंट घेतले. ताणून बसवलेल्या चामड्याची ही आसने वापरानुसार स्वाराच्या शरीराचा आकार घेतात. भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या काळ्या रोडस्टर सायकलींना स्प्रिंग असलेली रुंद आसने असत. या सायकलींवर स्वार ताठ बसत असल्याने ती सोयीची ठरत. पुढे वाकून चालवायच्या गिअरच्या सायकलींना मात्र तुलनेने अरुंद आसने बसवली जातात.

घाटरस्त्याचे उदाहरण: वीर ते महाबळेश्वर

रायगड जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर तालुक्यांत अशा चाचणीला आवश्यक असलेले सर्व प्रकारचे रस्ते जवळजवळ आढळतात. महाड तालुक्यातील वीर हे कोकण रेल्वेवरील स्थानक असून रोहा–वीर हा लोहमार्ग १९९३ मध्ये सुरू झाला. वीरहून मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेस महाड आणि पुढे पोलादपूर येते. हा टप्पा घाटाच्या मानाने सौम्य आहे. पोलादपूरहून पूर्वेकडे आंबेनळी घाटातून प्रतापगडाच्या पायथ्याजवळून जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वरला पोहोचतो. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर आहे. सरासरी चढ तीन टक्क्यांच्या आसपास असला, तरी काही टप्पे त्याहून तीव्र आहेत. याच परिसरात महाड–भोर मार्गावरील वरंध घाट आणि पोलादपूर–खेड मार्गावरील कशेडी घाट हे अन्य चढ आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्याने या घाटांत चाचणी कोरड्या ऋतूतच करणे योग्य ठरते.

पूर्वतयारी

जुन्या आसनाची उंची, कल आणि हँडलपासूनचे अंतर प्रथम नोंदवले जाते. नवे आसन त्याच मापांवर, पाणसळ लावून सपाट बसवले जाते. सीट पोस्टवर चिकटपट्टीची खूण केल्यास मूळ उंची हरवत नाही. बोल्टला लागणारी ॲलन की सोबत ठेवली जाते. एका वेळी एकच माप आणि तेही दोन-तीन मिलिमीटर इतकेच बदलले जाते. अन्यथा कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. नेहमीचेच कपडे वापरणेही याच कारणासाठी आवश्यक असते.

चढ आणि उतार

सहा टक्के चढावर सायकल सुमारे ३.४ अंशांनी मागे कलते. त्यामुळे सपाटीवर समतल असलेल्या आसनाचे टोक वर येते व स्वार मागे सरकतो. ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने आंबेनळीसारखा घाट चढण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. या काळात बैठक बहुतांशी एकसारखी राहते, घाम वाळत नाही आणि दाब व घर्षण वाढते. ठरावीक अंतराने पेडलवर उभे राहिल्यास रक्तप्रवाह पूर्ववत होण्यास मदत होते. उतारावर भार पेडलवर व हातांवर येतो. ब्रेक लावताना शरीर पुढे घसरते का आणि वळणावर मांड्यांना आसनाची कड टोचते का, हे तेथे तपासले जाते.

निष्कर्ष काढण्याची पद्धत

बैठकीच्या हाडांवरील सौम्य दुखणे पहिल्या काही स्वाऱ्यांत स्वाभाविक असून ते क्रमाने कमी होते. मांड्यांच्या आतील बाजूस कातडी सोलवटल्यास आसन फार रुंद असू शकते. गुडघ्याच्या पुढील बाजूस दुखणे हे आसन खाली असल्याचे, तर पेडल मारताना कंबर डावीउजवीकडे डोलणे हे आसन उंच असल्याचे लक्षण असू शकते. टोक फार खाली झुकवल्यास भार हातांवर जाऊन तळव्यांना मुंग्या येतात. चामड्याचे आसन अंगवळणी पडण्यास कित्येकशे किलोमीटर लागू शकतात. त्यामुळे एकाच स्वारीवरून त्याविषयी अंतिम निर्णय घेता येत नाही.

आरोग्य

जननेंद्रियाच्या भागात येणारी बधिरता सवयीने जाईल असे मानून सहन करणे धोक्याचे असते. ती तेथील मज्जातंतू व रक्तवाहिन्यांवर दाब पडत असल्याची खूण असते. अशा वेळी स्वारी थांबवून आसनाचा कल व उंची बदलली जाते. तरीही बधिरता येत राहिल्यास ते आसन सोडून देणे आणि डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. ही तक्रार स्त्रिया व पुरुष दोघांतही आढळते. सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या अभ्यासानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २००९ मध्ये कामासाठी सायकल वापरणाऱ्यांना पुढचे टोक नसलेल्या आसनांची शिफारस केली.

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे स्वारी साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. इतका वेळ सायकलवर काढण्यापूर्वी आसन घाटात पारखलेले असल्यास त्यातील दोष वेळीच लक्षात येतो आणि दुखापत टळू शकते.