उंची वजा शंभर

फलटणला अब्बांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. ‘उंचीतून शंभर वजा करायचे, पासष्टपर्यंत चालतं,’ असं ते अभिमानाने सांगत. १९व्या शतकातल्या फ्रेंच पॉल ब्रोका यांच्या नावाने हा हिशेब चालतो. त्याच शतकात बेल्जियमच्या केतले यांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं. तोच आजचा बीएमआय. दोन्ही मापं युरोपातल्या अंगाची.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. बीएमआय सारखाच, २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ ही सावधगिरीची रेषा सुचवली. अब्बांच्या उंचीला ती सुमारे साडेबासष्ट किलो.

त्यांना मधुमेह निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘पण मी जाड कुठे होतो?’ आता मी वजनाबरोबर कंबरही मोजतो.