ढग येतो, अंधारतो आणि निघून जातो

2015 चा ऑगस्ट. पाचोडच्या चौकात माणसं मान वर करून उभी. औरंगाबादेतून कृत्रिम पावसाचं विमान उडालंय, आपल्याकडं येतंय का, एवढीच चर्चा. मोसंबीच्या बागा वाळत होत्या. मीही बातमी केली, पण अर्धीच. विमान ढगात शिरून नेमकं बघतं काय, हे विचारलंच नव्हतं.

खालून सगळे ढग सारखेच. त्यांच्या पोटातलं पाणी मोजता आलं ते विमानामुळं. बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेच, 1973 मध्ये, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बारामतीच्या पट्ट्यात डाकोटा विमानातून ढगांत मिठाची भुकटी सोडायला सुरुवात केली. मधली काही वर्षं सोडून 1986 पर्यंत, एकूण 11 पावसाळे. शेजारचे दोन पट्टे घ्यायचे. आज मीठ कोणत्यावर, ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरायचं. दुसरा मुद्दाम तसाच सोडायचा. दुष्काळी मुलखात भरलेला ढग असा सोडून देणं जिवावर येणारच, पण त्याशिवाय पाऊस मिठानं पडला की पडणारच होता, हे कळणार कसं? हिशेब निघाला सुमारे 24 टक्के जादा पावसाचा.

मला मात्र मोठं वाटतं ते दुसरंच. ढग किलोमीटरभर जाड असेल आणि घनमीटरमागे किमान अर्धा ग्रॅम पाणी असेल, तरच मीठ लागू पडतं. पातळ ढगावर टाकलं तर तो विरायला लागतो. म्हणजे चुकीच्या ढगात विमान घातलं तर आहे तोही जायचा!

याच संस्थेनं 2009 पासून पुन्हा विमानं उडवली. हवेत धूळ-धूर जास्त झाला की तेवढ्याच पाण्याचे बारीक बारीक थेंब होतात, पाऊस धरायला ढगाला आणखी उंच चढावं लागतं, हे तेव्हा मोजून कळलं. 2018 आणि 2019 ला सोलापुरात क्षारांचा धूर सोडून बघितला: 100 चौरस किलोमीटरवर सरासरी 18 टक्के जादा पाऊस, खर्च लिटरमागे 18 पैसे. दहा हजार लिटरच्या टँकरला 1,800 रुपये झाले. टँकरचा भाव आपल्याला पाठ आहे, तुलना ज्यानं त्यानं करावी.

आमच्याकडचं 2015 आणि 2019 चं उड्डाण म्हणजे दुष्काळातली धावपळ. चिठ्ठी काढून ढग सोडायला तिथं सवड कुणाला? त्यामुळं पाऊस झाला की एक म्हणतो विमानानं पडला, दुसरा म्हणतो पडणारच होता, आणि दोघांनाही खोडता येत नाही. पुढच्या वेळी विमान उडालं की माझा पहिला प्रश्न ठरलाय: ढगाची जाडी किती होती, साहेब?