उमरेड-कऱ्हांडला : वाघ पाहायला जाताय? आधी हे वाचा

धंतोली (नागपूर) : दवाखान्याच्या कामानं आपल्या तालुक्यातली माणसं धंतोलीत नेहमीच येतात. तिथून साधारण ६० किलोमीटरवर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. घोषणा झाली २०१२ मध्ये. उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातला पवनी, अशा चार तालुक्यांत हे जंगल पसरलं आहे.

वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे, सांबर, चितळ, नीलगाय इथं आहेत. नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर चालत आलेला 'जय' वाघ इथलाच. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही.

कऱ्हांडला, गोठणगाव आणि पवनी बाजूनं प्रवेश आहे. सफारी सकाळी व दुपारी असते, पावसाळ्यात बंद. बुकिंग ऑनलाइन करून ओळखपत्र सोबत ठेवा. उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावर दिसण्याची शक्यता जास्त. भडक कपडे नको, गाडीतून उतरू नका.

३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगाव भागात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइडवर कारवाई झाली. ती गावचीच पोरं. म्हणून फोटोसाठी "गाडी अजून जवळ घे" असा हट्ट धरू नका. त्यात त्यांची रोजी जाते.

आणि जंगलालगत शेत असलेल्यांनो, पहाटे मोहफुलं वेचायला एकटं जाऊ नका. वाघ दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.