एका खोलीचे गिरणगाव

मुंबईतील ताडदेव आणि भायखळ्यापासून लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी आणि प्रभादेवीपर्यंत पसरलेल्या भागाला गिरणगाव हे नाव सरकारी नकाशाने दिलेले नाही. ते तिथे राहणाऱ्यांनी दिले आणि रूढ केले. या भागाच्या लोकवस्तीचा आणि घरांचा इतिहास बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत सांगितला जातो: एकात कोठून किती माणसे आली याची मोजदाद असते, तर दुसऱ्यात चाळींची, म्हणजे एका लांब सज्जालगत ओळीने काढलेल्या एकेका खोलीच्या भाड्याच्या इमारतींची, वर्णने असतात. परंतु शिरगणतीचे आकडे आणि खोल्यांची मापे शेजारी ठेवून वाचली, तर ही दोन प्रकरणे मुळात एकच आहेत हे ध्यानात येते. गिरणगावची खोली एका कुटुंबाचे घर म्हणून जन्मालाच आली नाही. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या घराचे मुंबईत पोचलेले टोक, असे तिचे खरे स्वरूप होते. पुढच्या शतकभरातील बहुतेक अडचणी या मूळ रचनेतून उद्भवल्या.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे उभ्या केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरच्या चार दशकांत गिरण्यांची धुराडी उत्तरेकडे सरकत परळपर्यंत गेली. तोवर हा परिसर वाड्या, भातखाचरे, तलाव आणि बागांचा होता, आणि परळला तर गव्हर्नरांचे निवासस्थान होते. गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आले, कारण खोतीची जमीन, तुटपुंजे उत्पन्न आणि मुंबईला थेट जाणारा समुद्रमार्ग या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. १९११ आणि १९२१ या दोन्ही शिरगणतींत मुंबईतील दोन लाखांहून अधिक माणसांनी आपला जन्म रत्नागिरी जिल्ह्यात झाल्याचे सांगितले होते. सातारा, पुणे, अहमदनगर आणि कोल्हापूरकडून घाटावरची माणसे आली. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती मदनपुऱ्यात झाली. तेलुगूभाषक पद्मशाली विणकरही गिरण्यांच्या आश्रयाने स्थिरावले. १९२१ साली मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती, आणि त्यांपैकी शहरातच जन्मलेल्यांचे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होते.

त्याच शिरगणतीत शहरातील दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. या आकड्यामागे पगाराचे गणित होते. कामगाराचा पगार त्याच्या एकट्याच्या पोटापुरता आणि गावी पाठवायच्या मनीऑर्डरीपुरता धरलेला होता. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावच्या शेतीवर जगतील, आजारपणात आणि म्हातारपणी कामगार तिथेच परतेल, संपाच्या काळातही गावच त्याला सांभाळेल, हे मालकांनी गृहीत धरले होते. गिरणी उद्योगाचा बराच मोठा खर्च अशा रीतीने कोकणातल्या बायकांनी भातलावणी, गवतकापणी आणि घरकामातून उचलला, आणि कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद झाली नाही. गिरणगावाच्या इतिहासात ही बाब ठळकपणे मांडली जायला हवी, कारण तिच्यावाचून तिथली घरे एवढी लहान का राहिली हे कळत नाही.

घरे बांधण्याची जबाबदारी गिरणीमालकांपैकी थोड्यांनीच घेतली. बहुतेक चाळी खासगी जमीनमालकांनी आणि सावकारांनी बांधल्या, आणि मोकळ्या जागांवर झावळ्यांच्या, पत्र्याच्या झोपड्याही उठल्या. सर्वसाधारण चाळीतील खोली दहा-बारा फूट लांबरुंद असे; एका कोपऱ्यात मोरी, म्हणजे भांडी घासण्यापुरती व अंघोळीपुरती कठडा घातलेली जागा, दुसऱ्या कोपऱ्यात चूल, आणि संडास व नळ मजल्याच्या टोकाला सर्वांसाठी सामाईक. १९२१ च्या शिरगणतीनुसार मुंबईतील सुमारे ६६ टक्के लोक एका खोलीच्या घरांत राहत होते, आणि अशा खोलीत सरासरी चार माणसे होती. १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. ही सरासरी संपूर्ण शहराची असल्याने तिच्यात मलबार हिलचे बंगलेही मिसळलेले आहेत. कामगार कुटुंबांपुरती पाहणी केली तेव्हा सरकारच्या लेबर ऑफिसला त्यांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली. कामगारांपैकी बहुसंख्य गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर राहत, कारण कामाचे तास लांब होते आणि बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजंदारीवर लागणाऱ्याला, पहाटे गिरणीच्या दारात हजर असावे लागे.

खोलीचा खरा उपयोग मात्र सरासरीतून दिसत नाही. पुष्कळ खोल्या एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या असत. गावाचे मंडळ वर्गणी काढून भाडे भरी. भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी असे. पाळीप्रमाणे, म्हणजे गिरणीच्या शिफ्टप्रमाणे, एकजण कामावर निघाला की दुसरा त्याच जागी आडवा होई. जेवण बाहेरच्या खानावळीत होई, आणि ती खानावळ बहुधा शेजारच्याच चाळीतील एखादी गावाकडची बाई, पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याचे काम सुटलेली, आपल्या खोलीत चालवीत असे. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खानावळवाल्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी. एकेका खोलीतून नोकरीची शिफारस, गावच्या देवळाची वर्गणी, भजनी मंडळ, तालीम, गणपतीला गावी जाण्याची सोय आणि मयताचा खर्च हे सारे चाले. गावची ग्रामसंस्था आपल्या शिस्तीसह आणि आपल्या जातीसह शहरात अशी वावरत होती.

जातीचा उल्लेख येथे केवळ ओघाने आलेला नाही. गिरणीच्या विणकाम खात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या समजुतीमुळे सवर्ण कामगार अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना त्या खात्यात येऊ देत नसत. विणकाम हे चांगल्या पगाराचे खाते होते. त्यातून वगळले गेलेल्यांच्या वाट्याला कमी मजुरीची कामे आली, आणि कमी मजुरीबरोबर कमी प्रतीची घरेही आली. खासगी चाळींतील घरमालक त्यांना खोली देत नसत. म्हणून सार्वजनिक संस्थांनी बांधलेल्या चाळींत दलितांची वस्ती दाट झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे दोन दशके परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. १९२८ च्या संपात विणकाम खात्याच्या बंदीचा प्रश्न त्यांनी कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. घराचा आणि खात्याचा प्रश्न एकच आहे, हे गिरणगावात राहूनच स्पष्ट दिसण्यासारखे होते.

ज्या ट्रस्टच्या चाळींचा वर उल्लेख झाला, तो सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला, आणि त्याचे निमित्त १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत उद्भवलेला प्लेग हे होते. साथीच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून गेली. १८९१ मध्ये सव्वाआठ लाखांजवळ असलेली लोकसंख्या १९०१ च्या गणतीत पावणेआठ लाखांच्या घरात आली. दाट वस्तीत हवा आणि प्रकाश पोचत नाही म्हणून रोग पसरतो, अशी ट्रस्टची धारणा होती, आणि तीनुसार जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. ट्रस्टचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी शेजारच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या तळाकडे येणाऱ्या प्रकाशरेषेचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक असू नये असा नियम पुढे आणला. पुढच्या इमारतींमधील अंतर त्यावरून ठरू लागले. हेतू चांगला असला, तरी पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली. तिथली गर्दी त्यामुळे वाढली, भाडीही वाढली. हवेसाठी सुरू केलेल्या योजनेने हवा दुर्मिळ केली, ही या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत दुःखद बाजू आहे.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून त्याच्या चाळी बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून, आठ वर्षांत एका खोलीची पन्नास हजार घरे बांधायची, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्याच झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फूट, असे त्यांचे ठरलेले रूप होते. सिमेंट काँक्रीटच्या या इमारती काळोख्या आणि कोंदट असल्याची तक्रार आरंभापासून होती. त्यांचे भाडे कामगाराच्या कुवतीपलीकडचे होते, आणि वरळी तर गिरण्यांपासून व बाजारापासून दूर पडत होती. परिणामी घरांची एवढी टंचाई असूनही वरळीच्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने त्या तात्पुरत्या तुरुंगासाठी वापरल्या. ज्या खोलीत राहायला मुंबईचा कामगार तयार झाला नाही, ती कैद्यासाठी योग्य ठरली, यावरून त्या बांधकामाची पारख होते.

त्या काळातील बालमृत्यूंचे आकडे भयंकर आहेत. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे, आणि एका खोलीच्या घरांत हे प्रमाण आठशेच्याही वर दाखवलेले आहे. हे आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते: पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, तेव्हा जन्माची नोंद गावात आणि मृत्यूची नोंद शहरात होई, आणि त्यामुळे शहराचे प्रमाण प्रत्यक्षाहून फुगलेले दिसे. ही दुरुस्ती केल्यावरही उरणारा आकडा कोणत्याही शहराला लाजिरवाणा आहे, आणि त्या दुरुस्तीतूनही खोली आणि गाव यांचे तेच नाते पुन्हा दिसते.

हळूहळू कुटुंबे येऊ लागली. गावची शेती वाटण्यांनी लहान झाली, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला, आणि संघटनांच्या लढ्यांनी पगार व महागाई भत्ता वाढला, तशी दर हजार पुरुषांमागील स्त्रियांची संख्याही दशकागणिक वाढत गेली. खोलीचे माप मात्र तेच राहिले. त्यामुळे लाकडी पोटमाळे चढले, तरुण मुले सज्जात किंवा रस्त्यावर झोपू लागली, आणि नव्या जोडप्यासाठी पडद्याआड जागा काढण्यात आली. याच काळात दुसऱ्या बाजूने खोलीचे मोल बदलत होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले, आणि भाडेकरूला हुसकावणे अवघड केले. कामगाराला या कायद्याने दिलेले स्थैर्य अमोल होते. त्याचबरोबर मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, आणि खोली हस्तांतरित करताना पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी घेतली जाणारी अनधिकृत रक्कम, रूढ झाली. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, आणि उपकर भरणाऱ्या, म्हणून ‘उपकरप्राप्त’ म्हटल्या जाणाऱ्या, १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. त्यांपैकी फार मोठा भाग १९४० पूर्वीचा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पगार गेला तरी खोली उरली. कित्येक घरांत तीच एकमेव मालमत्ता ठरली, आणि ती विकून किंवा भाड्याने देऊन माणसे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे, काही थेट गावी गेली. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा एक-तृतीयांश भाग महापालिकेला आणि एक-तृतीयांश गृहनिर्माणासाठी म्हाडाला द्यावा असा १९९१ च्या विकास नियमांचा अर्थ होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या मधोमध कामगारांसाठी घरे उभारण्याची शतकातून एकदाच आलेली संधी या दुरुस्तीने हिरावली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३,३८,०३१ वरून २०११ मध्ये ३०,८५,४११ पर्यंत घटली. त्याच दशकात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ७७७ वरून ८३२ पर्यंत चढले. एकट्या पुरुषांनी वसवलेला भाग कुटुंबांचा होत असतानाच रिकामाही होत होता.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना अशा घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शंभर वर्षांनी मिळालेली ही जागा न्याय्यच आहे. मात्र पात्रता ठरते ती भाडेपावतीवरच्या नावावरून, आणि गावमंडळाच्या खोल्यांची पावती बहुधा वर्गणीदारांपैकी एका माणसाच्या नावे फाडलेली असे. तो माणूस आज हयात नाही, त्याचे वारस खोलीवर हक्क सांगतात, आणि ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या भाडे भरले त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते. असे वाद चाळीचाळींतून उभे राहतात, आणि सामाईक वापराच्या खोलीला कायद्यात स्थान नसल्याने त्यांचा निर्णय मंडळांच्या जुन्या वर्गणीवह्या पुरावा म्हणून किती मानल्या जातात यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहतो.