दंड आणि जप्तीपासून मिळणारा महसूल (अमेरिका)

दंड आणि जप्तीपासून मिळणारा महसूल म्हणजे पोलिसांनी केलेले दंड, न्यायालयीन शुल्क आणि जप्त करून सरकारजमा केलेली मालमत्ता यांपासून सरकारला होणारे उत्पन्न होय. अमेरिकेत हा पैसा अनेकदा दंड करणाऱ्या नगरपालिकेकडे किंवा जप्ती करणाऱ्या पोलीस खात्याकडेच राहतो. त्यामुळे कायद्याची अंमलबजावणी सुरक्षिततेसाठी होते की उत्पन्नासाठी, हा तेथे वादाचा विषय आहे.

दंड

मिसूरी राज्यातील, २०१० मध्ये सुमारे २१,००० लोकवस्ती असलेले फर्ग्युसन शहर हे याचे ठळक उदाहरण होय. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथे पोलिसाच्या गोळीबारात मायकेल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर केंद्रीय न्याय विभागाने शहराच्या पोलीस खात्याची चौकशी केली. मार्च २०१५ मधील अहवालानुसार, २०१० या आर्थिक वर्षात शहराला दंड व शुल्कापासून १३.८ लाख डॉलर मिळाले होते. २०१५ साठी हा अंदाज ३०.९ लाख डॉलर, म्हणजे सर्वसाधारण निधीच्या सुमारे २३ टक्के होता. या वसुलीचा सर्वाधिक भार कृष्णवर्णीय रहिवाशांवर पडत होता. बेकायदा पार्किंगबद्दल २००७ मध्ये १५१ डॉलर व शुल्क असा दंड झालेल्या एका महिलेला पुढे न्यायालयात गैरहजर राहिल्याबद्दल वाढीव दंड होत गेले. सहा दिवस तुरुंगात काढून व ५५० डॉलर भरूनही २०१४ अखेर तिच्याकडे ५४१ डॉलर थकीत होते.

मालमत्ता जप्ती

नागरी जप्तीत खटला व्यक्तीवर नव्हे, तर रोकड, मोटार किंवा घर अशा वस्तूवर चालतो. त्यामुळे मालकाचा गुन्हा सिद्ध होणे आवश्यक नसते. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने अशा रकमांसाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला. केंद्रीय यंत्रणांना साहाय्य करणाऱ्या स्थानिक पोलिसांना जप्तीच्या रकमेतील ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. रक्कम लहान असल्यास ती परत मिळवण्यासाठी वकिलावर होणारा खर्च तिच्याहून अधिक होतो. त्यामुळे अनेक मालक दावाच करत नाहीत.

सुधारणा

२००० मधील केंद्रीय कायद्याने मालमत्तेचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोने नागरी जप्ती रद्द केली, तर मिसूरीने शहरांच्या उत्पन्नातील किरकोळ वाहतूक दंडाच्या वाट्याची मर्यादा ३० वरून २० टक्क्यांवर आणली. ‘टिम्ब्स विरुद्ध इंडियाना’ (२०१९) या खटल्यात कमाल १०,००० डॉलर दंडाच्या गुन्ह्यासाठी सुमारे ४२,००० डॉलरची मोटार जप्त झाली होती. अवाजवी दंडावरील घटनात्मक बंदी राज्यांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्यात एकमताने दिला. मात्र, जप्त वाहन खटला संपेपर्यंत पोलिसांकडे ठेवावे का, यासाठी स्वतंत्र प्राथमिक सुनावणी घटनेनुसार आवश्यक नाही, असे याच न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले.